उबवणुकीची अंडी पार्सलने विकताय? पिल्लांची गॅरंटी देऊ नका आणि हातही झटकू नका



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण उबवणुकीच्या अंड्यांचा खोका भरून दाखवला. फोमचा ट्रे कोणता घ्यायचा, भुसा किती दाबायचा, टेप कुठे मारायची, ते सगळं तिथे बघून घ्या. इथे मला बोलायचंय ते पॅकिंगच्या थोडं पलीकडचं. पार्सलने अंडी विकताना तुम्ही ग्राहकाला शब्द कशाचा देता? माझं स्पष्ट मत आहे की या धंद्यात फुटलेल्या अंड्यांपेक्षा चुकीच्या शब्दाने जास्त माणसं बदनाम होतात.

जाहिराती बघा. निम्म्या लोकांचं म्हणणं असतं, ‘शंभर टक्के फर्टाइल, नव्वद टक्के पिल्लं निघणारच.’ उरलेल्या निम्म्यांचं म्हणणं, ‘पार्सल निघालं की आमची जबाबदारी संपली.’ पहिला माणूस त्याच्या हातात नसलेली गोष्ट विकतोय. दुसरा त्याच्या हातात असलेली गोष्टही नाकारतोय. आणि मध्ये अडकतो तो तुमचा ग्राहक. त्याचे पैसे तर जातातच, शिवाय २१ दिवस जातात, मशीनची वीज जाते, आणि त्या हंगामाची पिल्लांची बॅच जाते. कुणाची खुडूक कोंबडी तीन आठवडे रिकाम्या अंड्यांवर बसून वाळते. असा ग्राहक परत येत नाही. बरं, तो नुसता तुमच्याकडे येत नाही असं नाही, तो पार्सलने अंडी मागवणंच सोडून देतो. म्हणजे तुमच्या शेजारच्या प्रामाणिक माणसाचाही धंदा गेला.

म्हणून आधी हे समजून घ्या की खोक्यात नेमकं काय चाललंय.

कोंबडीच्या पोटात अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात. फलन अगदी सुरुवातीलाच होतं. म्हणजे पुढचा जवळजवळ पूर्ण दिवस भ्रूण कोंबडीच्या अंगच्या उबेत वाढत असतो. अंडं घातलं जातं तेव्हा बलकावरच्या त्या बारीक पांढऱ्या ठिपक्यात हजारो पेशी तयार झालेल्या असतात. बाहेरची हवा लागली की वाढ थांबते. तो जीव मेलेला नसतो, थांबलेला असतो. साधारण २० ते २४ अंश सेल्सिअसच्या वर ही वाढ पुन्हा हळूहळू सुरू व्हायला लागते, आणि नीट वाढीसाठी ३७.५ अंशांच्या आसपास स्थिर ऊब लागते. १५ ते १८ अंशांत, थोड्या दमट जागी ठेवलं तर अंडं आठवडाभर चांगलं थांबतं. त्यानंतर रोज त्याची ताकद उतरत जाते. फ्रीजमध्ये ठेवू का, असं बरेच जण विचारतात. घरच्या फ्रीजची चार-पाच अंशांची थंडी त्याला मानवत नाही.

आता हे आकडे आपल्या महाराष्ट्रावर ठेवून बघा. एप्रिल महिना, अकोला किंवा चंद्रपूर, बाहेर ४२-४३ अंश. डेपोत उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिक्कीत त्याहून जास्त. दुपारी भ्रूण अर्धवट जागा होतो, पहाटे गारवा लागला की थांबतो, दुसऱ्या दुपारी परत जागा होतो. अशा दोन-तीन फेऱ्यांत तो संपतो. अंडं मात्र बाहेरून तुकतुकीत दिसतं. ग्राहक ते सात दिवस मशीनमध्ये ठेवतो, टॉर्च लावून बघतो आणि तुम्हाला म्हणतो, ‘तुमच्याकडे कोंबडाच नाही वाटतं!’

माझा सल्ला बऱ्याच जणांना पटत नाही, तरी देतो. मार्चच्या मध्यापासून पाऊस नीट स्थिरावेपर्यंत लांबचं पार्सल बंद ठेवा. सरळ पाटी लावा: ‘उन्हाळ्यात पार्सल नाही, स्वतः येऊन सकाळी नेत असाल तर मिळेल.’ तुम्ही म्हणाल, सर, तीन महिने धंदा बंद? अहो, ग्राहकाचं गणित करून बघा ना. गावरान कोंबड्याला खरी मागणी आषाढात. आमावस्येच्या आदल्या आठवड्यात भाव विचारू नका. गावरान पक्षी विक्रीजोगा व्हायला चार-पाच महिने धरायचे. म्हणजे आषाढ पकडायचा तर पिल्लू फेब्रुवारी-मार्चच्या आत बाहेर आलेलं हवं, आणि अंडी जानेवारी-फेब्रुवारीत मशीनला लागलेली हवीत. तुमच्या शहाण्या ग्राहकाला अंडी हिवाळ्यातच हवी असतात. दिवाळीनंतर ते शिमग्याच्या आधी हा तुमचा हंगाम. एप्रिलमध्ये अंडी मागणारा बहुतेक वेळा पहिल्यांदाच मशीन घेतलेला हौशी असतो, आणि तोच पुढे सगळ्यात मोठ्याने ओरडतो.

(हा व्यवहार काही नवा नाही बरं का. अमेरिकेत १ जानेवारी १९१३ ला पार्सल पोस्ट सुरू झालं आणि शेतकऱ्यांनी त्यातून अंडी पाठवायला लगेच सुरुवात केली. पुढच्याच वर्षी तिथल्या कृषी खात्याला पोस्टाने अंडी कशी पाठवावीत यावर पुस्तिका काढावी लागली. ती खाण्याची अंडी होती. तरी पॅकिंगची डोकेदुखी तीच.)

उन्हानंतर दुसरा शत्रू म्हणजे हादरे. अंड्याच्या जाड बाजूला हवेची पोकळी असते. पिल्लू बाहेर यायच्या आदल्या दिवशी पहिला श्वास त्याच पोकळीतला घेतं. खोका आपटला, उलटा पडला, खड्ड्यातून तासन्‌तास थरथरत आला, की ही पोकळी जागेवरून सुटते. टॉर्च लावून अंडं तिरकं केलं की पाणसळीतल्या बुडबुड्यासारखी ती इकडून तिकडे फिरताना दिसते. कवचाला तडा नाही, डाग नाही, काही नाही. अशा अंड्यातून पिल्लू निघतच नाही असं नाही, पण शक्यता बरीच कमी होते. म्हणून अंडं टोकदार बाजू खाली ठेवूनच भरायचं, प्रत्येक अंडं वेगळं गुंडाळायचं, आणि खोक्यात खोका ठेवून दोन्हींच्या मध्ये चहूबाजूंनी दोन-अडीच इंच भुसा, भाताचं तूस किंवा कागदाचे बोळे ठासायचे. खोका कानाशी धरून हलवला तर आतून आवाज येता कामा नये. प्लॅस्टिकने हवाबंद करू नका. कवचाला हजारो छिद्रं असतात, अंडं श्वास घेत असतं.

अंडी धुऊ नका हे वेगळं सांगायला नको, पण सांगतोच, कारण ‘स्वच्छ दिसली की भाव येतो’ म्हणून धुणारे आहेत. कवचावर एक नैसर्गिक थर असतो, तो गेला की जंतूंना दार उघडं. मळलेलं अंडं घरी खा, पाठवू नका.

आता कामाची गोष्ट. तुमचं पॅकिंग चांगलं आहे हे तुम्हाला कसं कळलं? बहुतेकांचं उत्तर, ‘आजवर तक्रार आली नाही.’ हे उत्तर धंद्यात चालत नाही. दुकानातली डझनभर साधी अंडी आणा, तुमच्या पद्धतीने खोका भरा, कमरेच्या उंचीवरून तीनदा जमिनीवर सोडा. एक जरी फुटलं तरी पद्धत बदला. मग पुढची पायरी, आणि ही कुणी करत नाही: तुमची स्वतःची उबवणुकीची दोन डझन अंडी घ्या. एक डझन घरीच ठेवा. दुसरं डझन भरून दोनशे किलोमीटरवरच्या पाहुण्यांकडे पाठवा आणि त्यांना सांगा, खोका न उघडता परतीच्या गाडीने लावून द्या. आलेलं डझन आणि घरचं डझन एकाच मशीनमध्ये, एकाच दिवशी लावा. घरच्यातून दहा निघाली आणि प्रवास केलेल्यातून सहा, तर चार पिल्लं रस्त्याने खाल्ली. हा तुमचा स्वतःचा आकडा. घरच्यातूनच पाच निघाली तर पार्सल विसरा, आधी कोंबडे बघा, खाद्य बघा, अंडी किती दिवस साठवताय ते बघा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक चांगला कोंबडा, हे प्रमाण तरी आहे का?

गाडी निवडतानाही डोकं वापरा. रात्रीची गाडी, आठवड्याच्या सुरुवातीला. शुक्रवारी टाकलेलं पार्सल रविवारभर गोडाऊनमध्ये पडून राहतं. एसटीने किंवा ट्रॅव्हल्सने पाठवत असाल तर इंजिनच्या बाजूला किंवा टपावर जाणार नाही हे चढवतानाच बघा, आणि ग्राहकाला गाडी नंबर कळवून पहाटे स्टँडवर उभं राहायला सांगा. घरपोच कुरिअरपेक्षा हे मला जास्त भरवशाचं वाटतं, कारण खोका दोन-तीनच हातांतून जातो. आणि कृपा करून खोक्यावर ‘कपडे’ किंवा ‘शोभेच्या वस्तू’ लिहू नका. जी सेवा अंडी घेत नाही तिला फसवून अंडी द्यायची आणि मग फुटली म्हणून भांडायचं, हे आपल्याला शोभत नाही. आत काय आहे ते मोठ्या अक्षरात मराठीत लिहा. हमालाला कळलं तर तोही जरा हळू ठेवतो.

मग शब्द कशाचा द्यायचा?

माझं मत असं. चार गोष्टी पूर्णपणे तुमच्या हातात आहेत, त्यांची छातीठोक जबाबदारी घ्या. अंडं फलित आहे. अंडं ताजं आहे, म्हणजे निघताना चार-पाच दिवसांपेक्षा जुनं नाही. जात सांगितली तीच आहे. आणि पॅकिंग नीट आहे. पिल्लू निघणं तुमच्या हातात नाही. ते ग्राहकाच्या मशीनवर, त्याच्या गावच्या लोडशेडिंगवर आणि त्याच्या हातावर अवलंबून आहे. त्याची गॅरंटी देणारा एक तर अडाणी आहे किंवा लबाड.

फलित असल्याचा पुरावा ठेवणं अवघड नाही. आठवड्यातून एकदा तुमच्या न्याहारीची दोन-चार अंडी ताटलीत फोडा. बलकावरचा ठिपका गोल कड्यासारखा, मध्ये जरा फिकट, असा दिसला तर फलित. नुसता बारीक, भरीव, वेडावाकडा पांढरा डाग असेल तर नाही. फोटो काढा, तारीख टाका, ऑम्लेट खा. याशिवाय दर बॅचमधली दहा अंडी स्वतःच्या मशीनमध्ये लावा आणि सातव्या दिवशी टॉर्च मारून शिरांचं जाळं किती अंड्यांत दिसतं ते वहीत लिहा. ग्राहक म्हणाला ‘सगळी पोकळ निघाली’, तर तुमच्याकडे वही आहे. अंड्यावर तारीख पेन्सिलने घाला, मार्करने नको.

तक्रार आली तर भांडू नका, अंडी फोडायला सांगा. ग्राहकांना याचा कंटाळा येतो, वासही येतो, पण खरं काय ते तिथेच कळतं. न निघालेलं अंडं फोडल्यावर आत काहीच वाढ नसेल तर फलित नसण्याची शक्यता मोठी, अगदी सुरुवातीला मेलेलं असण्याचीही. रक्ताचं कडं दिसलं तर भ्रूण पहिल्या काही दिवसांतच गेला, तिथे ऊन, जुनी अंडी, हादरे किंवा मशीनचं सुरुवातीचं तापमान यांच्यावर संशय घ्यायचा. पूर्ण वाढलेलं, पिसं आलेलं पिल्लू आत मेलेलं असेल तर बहुतेक वेळा मशीनची ऊब किंवा शेवटच्या दिवसांतली आर्द्रता चुकली. पहिल्या प्रकारात, घरच्या वहीशी ताडून, मी म्हणतो न कुरकुरता अंडी बदलून द्या. तिसऱ्यात प्रेमाने समजवा आणि मशीन कसं लावायचं याचा व्हिडिओ पाठवा.

मधला प्रकार सगळ्यात अवघड. पोकळी सुटलेली अंडी. ग्राहकाने काही केलेलं नाही, तुम्हीही काही केलेलं नाही, जे केलं ते रस्त्याने. इथे माझा नियम अर्धा-अर्धा. ग्राहकाने खोका उघडताना, आणि त्याच दिवशी टॉर्च लावून, व्हिडिओ पाठवायचा. पोकळी फिरताना दिसली त्या अंड्यांचा निम्मा भाव तुम्ही सोसायचा, निम्मा त्याने. हे आधीच, पैसे घ्यायच्या आधी, लिहून द्यायचं. ‘लोक खोटं बोलतील ना सर.’ बोलतील. वीसातला एक बोलेल. त्याचा खर्च भावात धरा. उरलेल्या एकोणीस जणांना तुम्ही तुमचं नाव विकताय.

आता भाव. समजा अंडं ३० रुपयांना, २४ अंड्यांचे ७२०. खोका-फोम-भुसा ९०, गाडीभाडं १८०. ग्राहकाला पडले ९९०. त्यातून बारा पिल्लं निघाली तर एक पिल्लू साडेब्याऐंशी रुपयांना पडलं. तेच अंडं शेजारच्या गावातून गाडीवर हळू नेलं आणि अठरा निघाली, तर पिल्लू ४० रुपयांना. हे गणित ग्राहकाला तुम्हीच आधी दाखवा. तुमचा आकडा घाला, माझा नको. धंदा कमी होईल असं वाटतं, पण होतं उलटं: ज्याला परवडत नाही तो आधीच थांबतो, आणि जो घेतो तो बारा पिल्लं निघाली तरी ठरल्यासारखंच झालं म्हणून खूश असतो. यातूनच हेही कळतं की पार्सलने तीच अंडी पाठवावीत जी ग्राहकाला त्याच्या तालुक्यात मिळत नाहीत. साध्या गावरानसाठी बीडचा माणूस रत्नागिरीहून अंडी का मागवेल? त्याला सांगा, तुमच्या आठवडी बाजारात बघा. असं सांगणाऱ्याकडे माणूस पुढच्या वेळी असीलसाठी येतो.

जातीवरून कडकनाथ आठवला. मध्य प्रदेशातल्या झाबुआचा हा काळा पक्षी, २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आणि आपल्याकडे एकच लाट आली. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या प्रकरणात किती शेतकरी पोळले ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल. पक्षी वाईट नव्हता, भावाचं आश्वासन वाईट होतं. तेव्हापासून ‘कडकनाथ’ म्हटलं की लोक दचकतात, आणि ते बरोबरच आहे. म्हणून जातीची जबाबदारी घेताना एक गोष्ट पक्की ठेवा. कोंबडी एकदा कोंबड्याबरोबर राहिली की दोन आठवड्यांपर्यंत, कधी थोडं जास्तही, त्याचीच फलित अंडी देऊ शकते. आधी गावरान कोंबड्यात फिरलेल्या कोंबड्या कडकनाथच्या खुराड्यात टाकल्या आणि दुसऱ्या दिवसापासून अंडी विकायला काढली, तर ती भेसळ झाली. तीन आठवडे वेगळं ठेवा, मगच जातीचं नाव लावा.

शेवटचा मुद्दा रोगाचा, आणि यात मात्र मी काहीच सवलत देत नाही. पुलोरमसारखे रोग आईकडून अंड्यातून थेट पिल्लात जातात. पांढरी हगवण लागून पिल्लं पटापट मरतात ती हीच. तुमच्या कळपात असं काही दिसलं असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन तपासणी होईपर्यंत एकही अंडं बाहेर जाता कामा नये. बर्ड फ्लूचं तर बोलायलाच नको. २००६ मध्ये नवापूरला, २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याला काय झालं ते आपण बघितलंय. प्रशासनाने परिसर बाधित म्हणून जाहीर केला की तिथून पक्षी, अंडी, खाद्य काहीही हलवायला बंदी असते. अशा वेळी ऑर्डरचे घेतलेले पैसे त्याच दिवशी परत करा, ‘थोडं थांबा’ म्हणत अडकवून ठेवू नका.

खोक्याच्या झाकणाला आतल्या बाजूने एक चिठ्ठी चिकटवा. माझ्या ओळखीच्या एका बचत गटातल्या ताई लावतात ती इथे देतो, हवे ते बदल करून वापरा:

‘दादा/ताई, खोका उघडताना व्हिडिओ काढा. अंडी पुसू नका, धुऊ नका. टोक खाली करून ट्रेमध्ये उभी ठेवा, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, माठाजवळ चालेल. पूर्ण एक दिवस हात लावू नका, मगच मशीनला लावा. मशीन आदल्या दिवशीच चालू करून तापमान स्थिर झालंय ना बघा. पोकळी हलत असेल तर पहिले दोन-तीन दिवस अंडी फिरवू नका, नंतर हळूच एका बाजूला कलवत जा. खुडूक कोंबडी असेल तर मशीनपेक्षा तिच्यावर भरवसा ठेवा, संध्याकाळी अंधार पडल्यावर तिच्याखाली सरकवा. सातव्या दिवशी टॉर्च लावून आम्हाला फोटो पाठवा, चांगला असो वा वाईट.’